वाळवीची ट्रीटमेंट: गुहागरच्या जुन्या घराचा अनुभव

गुहागरला आमचं चिऱ्याचं घर आहे. ओटीवरचे खांब फणसाचे, ते अजून ठणठणीत. माजघराच्या दाराची चौकट मात्र मागे कधीतरी आंब्याच्या लाकडाची बसवलेली. तिच्या कडेने मातीची नळी वर चढलेली दिसली. बोट दाबलं तर लाकूड आत गेलं. सासूबाईंचं म्हणणं, रॉकेल ओत, आम्ही नेहमी तेच केलं. मी मात्र सरळ तालुक्यातली एक छोटी पेस्ट कंट्रोल टीम बोलावली.

घरातली बरीच कामं मी स्वतः करते. रंग देते, नळाचे वायसर बदलते, झुरळांसाठी जेलही मीच लावते. पण वाळवीचं तसं नाही. चौकटीत सापडतात त्या कामकरी वाळव्या. त्यांना ओल आणि अंधार लागतो, म्हणून त्या मातीचा बोगदा करून वर येतात. मूळ वसाहत जमिनीत असते. रॉकेलने किंवा दुकानातल्या स्प्रेने वरच्या मरतात, नळी वाळते, आणि खालच्या दुसरीकडून वाट काढतात. भिंतीखालच्या मातीत औषध पोचवायचं तर ड्रिल, पंप आणि प्रमाणाची माहिती लागते.

टीमच्या प्रमुखाने आधी नुसतं घर पाहिलं. न्हाणीघराची ओली भिंत, मागच्या पडवीत भिंतीला टेकवलेला लाकूडफाटा. म्हणाला, "काकू, हा फाटा आधी हलवा. हे काम तुमचं, त्याचे पैसे मी घेणार नाही." तिथेच माझा विश्वास बसला.

औषध इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के. सीलबंद बाटली माझ्यासमोर फोडली, लिटरभर पाण्याला 2.1 मिली या हिशेबाने मोजून मिसळलं. याला वास जवळपास नसतो आणि वाळवीला ते जाणवत नाही. ती त्यातून जाते, लगेच मरत नाही, अंगावरून इतरांपर्यंत नेते. म्हणून पहिले काही दिवस वाळवी दिसली तरी घाबरू नका. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात 12 मिमीची भोकं, साधारण फुटाफुटावर, प्रत्येकात माती पिईल तेवढं औषध, जास्तीत जास्त लिटरभर. बांधून झालेल्या घरांसाठीचं भारतीय मानक, आयएस 6313 चा भाग 3, हेच सांगतं. चौकटीला तिरकी बारीक भोकं पाडून वेगळं औषध सोडलं.

मला सगळ्यात आवडलं ते विहिरीचं. मागची भिंत विहिरीच्या अगदी जवळ आहे. त्या बाजूला जमिनीत औषध सोडायला त्याने साफ नकार दिला, मी जास्त पैसे देते म्हटलं तरी. जांभ्याच्या जमिनीतून पाणी कुठून कुठे झिरपेल याचा नेम नसतो. तिथे फक्त लाकडावर काम केलं आणि बिलातून तेवढी भिंत वजा केली. याआधी फोनवर दर सांगणाऱ्या एकाने घर न बघताच "सगळीकडून मारून देतो" म्हटलं होतं. अशा माणसाच्या हातात विहिरीजवळचं घर देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दर चौरस फुटावर होता. मला वाटतं तो भिंतीच्या लांबीवर हवा, कारण औषध भिंतीकडेनेच जातं. वॉरंटीची अट नीट वाचा: जमीन उकरली किंवा नवी फरशी घातली की ती संपते. न्हाणीघराची गळती काढायची असेल तर ती आधी काढून घ्या.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो भोकं बुजवण्यासाठी. आमच्या लाल कोब्यावर पांढरं सिमेंट भरलं, रेड ऑक्साइडची चिमूटभर पूड मिसळायला दोन मिनिटं लागली असती. ते मी आता स्वतः करणार आहे.