जुनी कॅराव्हॅन घेताय? आधी इंजिन बंद करायला लावा

गुडघ्यांमुळे बाबांना हॉटेलचे जिने चढवत नाहीत, म्हणून आम्ही वाघोलीकडच्या एका व्यापाऱ्याकडून बसच्या चासीवर बांधलेली जुनी डिझेल कॅराव्हॅन 14 लाखांना घेतली. "पूर्ण एअर ब्रेक, मागे बलून, वर एक्झॉस्ट ब्रेक," असं म्हणत त्याने स्वतः टॉर्च मारून बलून, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या हवेच्या रबरी पिशव्या, दाखवले. एअर ब्रेक म्हणजे टाकीतल्या हवेच्या दाबावर लागणारे, आणि एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे इंजिनाचा धूर अडवून उतारावर वेग रोखणारा. आतला ओटा, पलंग बघून आई हरखली. ट्रायल नगर रोडवर, सपाटीला. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन सुरूच होतं आणि शेवटपर्यंत त्याने ते बंद केलं नाही. "बॅटरी उतरलीये, दादा."

पहिल्याच सहलीत कात्रजचा जुना घाट उतरताना ब्रेकची हवा कमी झाल्याचा बझर वाजला. हवेचा काटा आठ किलोवरून चारच्या खाली आला होता. गाडीत सात माणसं, त्यात माझी चार वर्षांची पुतणी. ड्रायव्हरने खालच्या गिअरवर गाडी कशीबशी कडेला लावली. ते आठवलं की अजून हात थरथरतात.

मिस्त्रींनी गाडी पिटवर घेऊन साबणाचं पाणी मारलं. मागच्या ब्रेक चेंबरवर (हवेच्या दाबाने चाकाचा ब्रेक ढकलणारा डबा) फेस उसळला, म्हणजे तिथून हवा गळत होती. बलून खरे होते, पण त्यांत हवाच नव्हती. नळी दुमडून तारेने आवळलेली आणि सगळं वजन जादा टाकलेल्या लोखंडी स्प्रिंगच्या पाट्यांवर. एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबलं की लाल दिवा लागायचा. वायर त्या दिव्यापर्यंतच होती. सायलेन्सरच्या पाइपात झडपच नाही! टायरवर बाहेरून तारीख दिसेना. आतल्या बाजूला अंक सापडले: 1415, म्हणजे 2015 चा चौदावा आठवडा.

म्हणून कळकळीने सांगतो, काटा सात-आठ किलोवर गेला की इंजिन बंद करायला लावा. इंजिन सुरू असलं की हवा भरत राहते आणि गळती काट्यावर लपते. गाडी घरंगळू नये म्हणून चाकांना ओट (अडकण) लावा, ब्रेक दाबून धरा आणि दोन मिनिटं काट्याकडे बघत राहा. काटा भराभर उतरला किंवा कुठे फुसफुस ऐकू आली, तर गळती आहे. मग इंजिन बंदच, पण चावी ऑन ठेवून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून हवा संपवा. काटा लाल पट्ट्यात जाण्याआधी बझर वाजलाच पाहिजे. बलून नुसते बघू नका, हाताने दाबा. भरलेला बलून टणक लागतो. आमचे बोटाने आत जात होते.

दुरुस्तीला 1 लाख 80 हजार गेले. व्यापारी म्हणतो, करारात "जशी आहे तशी" लिहिलंय. खरंच लिहिलंय. एअर ब्रेक, बलून, एक्झॉस्ट ब्रेक, यातलं एकही त्या कागदावर नाही.