श्वास: डोळे की जीव, आणि ते मुलाला सांगायचं कोणी?

कोकणातल्या परशाच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला कर्करोग झालाय. डोळे काढले तर तो वाचेल, नाही काढले तर जाईल. संदीप सावंत यांचा २००४चा चित्रपट ‘श्वास’ सुमारे पावणेदोन तास या एकाच पेचापाशी थांबतो. उपकथानकं फारशी नाहीत, आणि ते बरंच आहे.

आजार बऱ्यापैकी खरा उतरलाय. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे पडद्याचा हा कर्करोग, बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतच सापडतो, त्यामुळे परशा त्या मानाने मोठा वाटतो. पण आपल्या बाबतीत काय ठरतंय हे कळण्याचं वय नसतं, तर या कथेला अर्थच उरला नसता. डॉक्टर साने (संदीप कुलकर्णी) शस्त्रक्रियेची घाई करतात तीही उगाच नाटक म्हणून नव्हे. ही गाठ दृष्टिनाडीच्या वाटेने मेंदूपर्यंत पोचते, आणि एकदा तिथे गेली की डॉक्टरांच्या हातात फार थोडं उरतं. लवकर सापडली तर आता केमोथेरपी, लेसर, क्रायोथेरपी (गाठ गोठवून मारणं) यांनी पुष्कळदा डोळाही वाचवता येतो. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसली, किंवा मूल नव्यानेच तिरळं बघू लागलं, तर नेत्रतज्ज्ञाकडे जायला उशीर करू नये. दोन्ही डोळ्यांत गाठ असेल तर दोष जनुकातला असतो, म्हणून सख्ख्या लहान भावंडांचीही तपासणी लागते. चित्रपट या बाजूला वळत नाही.

चित्रपटाचा जीव अडकलाय तो सांगण्यात. दृष्टी जाणार हे शस्त्रक्रियेआधी परशाला कळायला हवं, पण ते बोलणार कोण? आजोबांची जीभ रेटत नाही, डॉक्टरांना सवड नाही, आणि मध्ये उभी आहे रुग्णालयातली समाजसेविका आसावरी (अमृता सुभाष). वैद्यकीय समाजसेवक नेमकं काय करतात, हे मराठी पडद्यावर इतक्या नीट क्वचितच आलंय. अरुण नलावडे यांचे आजोबा तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. पटकथेचा हा अचूक भाग आहे, कारण धक्का बसलेल्या माणसाला पहिल्या खेपेला सांगितलेलं अर्धंही ऐकू येत नाही. परशा झालेला अश्विन चितळे कुठेही ‘गोड’ दिसायला जात नाही. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, चित्रपटाला सुवर्णकमळ, आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणूनही हाच गेला.

चित्रपट घसरतो तो आजोबा आणि नातू वॉर्डातून नाहीसे होतात तेव्हा. ते कुठे आणि का गेले हे कळतं तो प्रसंग उत्तम, पण त्याभोवतीचा पत्रकारांचा गलका ठोकळेबाज आहे. डॉक्टरांचा ताठा आणि मग उमज, हेही जरा हिशेबाने येतं. शिवाय नंतरचं सगळं कॅमेऱ्याबाहेर राहतं: खोबण भरल्यावर काही आठवड्यांनी बसवायचे कृत्रिम डोळे, वर्षानुवर्षांच्या तपासण्या, पांढरी काठी, ब्रेल.

मुलांबरोबर बघायचा तर आठ-नऊच्या पुढची मुलं बरी. त्याहून लहान मुलांना मरण म्हणजे परत न येणं, हे पुरतं उमगलेलं नसतं. त्यांना डोळे काढण्याचीच भीती बसते. आधी मोठ्यांनी एकट्याने बघून घ्यावा. मुलांबरोबर बसताना मध्ये थांबायची तयारी ठेवावी आणि प्रश्न आला तर तिथेच उत्तर द्यावं. हमखास येणारे प्रश्न तीन: त्याने काही वाईट केलं होतं का, मला होईल का, आणि तू मला खरं सांगशील का? पहिल्याचं उत्तर ठाम ‘नाही’. दुसऱ्याला ‘कधीच नाही’ असं वचन देऊ नये, ‘हा आजार फार थोड्या मुलांना होतो आणि तुझे डोळे आपण तपासून घेऊ शकतो’ एवढं पुरतं. तिसऱ्याला ‘हो’ म्हणायचं, तर घरात कुणी आजारी असताना पुढच्या खोलीत कुजबुजणं बंद करावं लागेल.