१४४१६ टेली-मानस: माजी सैनिकाच्या घराला कितपत कामाचा नंबर?

टेली-मानस ही मनाच्या त्रासावर सल्ला देणारी केंद्र सरकारची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ मध्ये सैन्यदलांसाठी वेगळा कक्षही सुरू झाला. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या माजी सैनिकांच्या घरांसाठी आमचं मत असं: पहिल्या पायरीला सेवा चांगली, आणि फौजीपेक्षा त्याच्या बायकोच्या हातात हा नंबर जास्त कामाचा.

कारण उघड आहे. हवालदार चाळिशीच्या आसपास पेन्शनीवर येतो. आजवर सुट्टीपुरता पाहुणा असलेला माणूस आता बाराही महिने घरात. रात्री दचकून उठणं, मुलांवर ओरडणं, लग्नाच्या वरातीत फटाके वाजले की घरात जाऊन बसणं, हे दिसतं बायकोला. तो स्वतः "मला काय धाड भरली" म्हणून मोकळा होतो. फोन करायला रुग्णच हवा असं नाही, घरच्यांनाही सल्ला मिळतो.

नंबर लावल्यावर आधी भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतो. गरज वाटली तर तो पुढे मानसोपचार तज्ज्ञाकडे जोडून देतो. झोप किती तास, दारू रोज किती, मरणाच्या गोष्टी करतो का, आधीच्या गोळ्या कोणत्या, एवढं कागदावर लिहून बसा. अहिराणीत "जीव घाबरस" म्हटलं तर पलीकडच्याला लगेच कळेलच असं नाही, म्हणून छाती धडधडते, घाम फुटतो असं फोडून सांगा. परत फोन येणार असेल तर नंबर बायकोचाच द्या. पुढच्या वेळी तोच समुपदेशक मिळेल हे धरू नका, कागद जपा. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात रेंज आधी बघून घ्या, अर्ध्यावर तुटलेल्या बोलण्यानंतर बरेच जण पुन्हा लावतच नाहीत.

फोनची मर्यादा सगळ्यात जास्त जाणवते दारूत. लष्करी कॅन्टीनच्या कोट्यावर सुरू झालेली दारू रोजची होते, मग घरचे एक दिवस बाटल्या फेकून कपाटाला कुलूप लावतात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडणं धोक्याचं आहे. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस बरळू लागतो, नसलेलं दिसतं, आणि हे जीवावरही बेतू शकतं. हात थरथरणं, घाम, उलट्या सुरू झाल्या की फोनवर बोलत बसू नका, दवाखाना गाठा. आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देऊन मग ग्लुकोज चढवतात, म्हणून गावातल्या डॉक्टरकडून नुसती सलाईन लावून घेण्याआधी रोजच्या दारूचं स्पष्ट सांगा. लाजेपोटी लपवलेली ही एक गोष्ट फार महागात पडते.

आता ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. पॉलिक्लिनिकच्या (योजनेच्या दवाखान्याच्या) डॉक्टरला "झोप नाही" एवढंच सांगितलं तर झोपेची गोळी लिहून विषय संपतो. मानसोपचाराचं रेफरल, म्हणजे तज्ज्ञाकडे पाठवणारी चिठ्ठी, तोंडाने मागा. रुग्णालय पॅनलवर (योजनेच्या मान्य यादीत) आहे म्हणजे तिथला मानसोपचार विभागही आहे असं नसतं. डोळ्यांसाठी किंवा हृदयासाठीच मान्यता असेल तर बिल तुमच्या खिशातून. आधी विचारून घ्या. लष्करी रुग्णालय देवळालीला आहे. अचानक पॅनलबाहेर दाखल करावं लागलं तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा. वीरपत्नी, बायको आणि अटींत बसणारी मुलं-आईवडील यांनाही या योजनेत उपचार मिळतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि बेचैनी होते, तेवढ्यावर "गोळी लागू पडत नाही" म्हणून बंद करतात. किंवा पॉलिक्लिनिकमध्ये औषध नसल्याचा शिक्का मिळतो आणि मधले दहा दिवस तसेच जातात. शेवटची पट्टी उरली की लगेच निघायचं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या-घबराटीच्या गोळ्या तर मनाने मुळीच तोडू नयेत, त्यानेही फिट येऊ शकते.

निवृत्तीनंतर बँकेत गार्डची नोकरी धरणाऱ्या कित्येकांच्या घरी परवान्याची बंदूक असते. समुपदेशकाने विचारो न विचारो, ते आपणहून सांगा. माणूस "आता काय उरलंय" असं बोलू लागला तर बंदूक आणि काडतुसं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. परवाना त्याच्या नावावर असल्याने कागदावर सही त्याची लागते, म्हणून तो शांत असताना हा विषय काढा, शक्यतो त्याच्याच पलटणीतल्या एखाद्या जोडीदाराकडून. तेवढा वेळच नसेल तर ११२ लावा, रुग्णवाहिकेला १०८, आणि त्याला एकटं सोडू नका.