फुकटच्या ईआयएनसाठी तीनशे डॉलर

अमेरिकेत राज्याकडे एलएलसीची, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या कंपनीची, नोंदणी झाली की पुढचं काम ईआयएनचं, म्हणजे धंद्याच्या कर-ओळख क्रमांकाचं. नऊ आकडी नंबर: आधी दोन आकडे, मग रेघ, मग सात. बँकेत खातं उघडायला, पगार काढायला, धंद्याचा कर भरायला तो लागतो. तो आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं केंद्रीय करखातं, देते आणि त्यासाठी एक सेंटही घेत नाही. तरीही न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये साड्यांचं छोटं दुकान काढणाऱ्यापासून पुण्यात बसून अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात कंपनी उघडणाऱ्यापर्यंत कितीतरी आपली माणसं यासाठी ३०० डॉलरपर्यंत मोजून बसतात.

हे घडतं असं. सर्चमध्ये ‘ईआयएन अर्ज’ टाकलं की वरचे दोन-तीन निकाल बहुतेकदा जाहिराती असतात. उघडलेलं पान निळं-पांढरं, वर गरुड किंवा झेंडा, पत्त्यात ‘फेडरल’, ‘टॅक्स’, ‘ईआयएन’ असे शब्द. शेवट मात्र ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑर्ग’. प्रश्न आयआरएसच्या एसएस-४ या ईआयएन अर्जाच्या फॉर्ममधलेच, त्याच क्रमाने, त्यामुळे शंका येत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला व्यक्तीचा सरकारी ओळख क्रमांक), जन्मतारीख, घरचा पत्ता सगळं भरून झालं की पैशांचं पान येतं: साधी सेवा एवढे, ‘तातडीची’ एवढे जास्त. आम्ही सरकारी नाही, हे वाक्य पानाच्या तळाशी फिक्या करड्या अक्षरांत असतं.

पुढे त्यांचा माणूस तुमचीच माहिती आयआरएसच्या संकेतस्थळावर टाकतो. तिथे नंबर त्याच बैठकीत मिळतो, म्हणजे ‘तातडी’ला वेगळा अर्थच उरत नाही. हा प्रकार इतका वाढला की २०२५ मध्ये ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन (एफटीसी) या सरकारी संस्थेने अशी संकेतस्थळं चालवणाऱ्यांना इशारापत्रं पाठवली.

आपल्याकडची सवयही यात आड येते. जीएसटी नोंदणीला सरकारी शुल्क नाही, तरी आपण सीएला पैसे देतो आणि त्यात गैर काही नाही, कारण तिथे समोर ओळखीचा, जबाबदार माणूस असतो. इथे समोर कोणी नसतं.

पैसे गेले एवढ्यावर थांबलं तर नशीब. खरं नुकसान चुकीच्या उत्तरांचं. एकट्या मालकाची एलएलसी असताना ‘कॉर्पोरेशन’ निवडलं, तर आयआरएस कॉर्पोरेशनच्या विवरणपत्राची वाट बघत राहते. नोकर नसताना ‘कामगार ठेवणार’ लिहिलं, तर पगारावरच्या कराचा तिमाही ९४१ फॉर्म का आला नाही म्हणून नोटिसा सुरू होतात. मराठी मंडळ किंवा शाळेची कायदेशीर स्थापना होण्याआधीच कोणी ‘नॉन-प्रॉफिट ईआयएन’ काढून दिला, तर तीन वर्षं विवरणपत्र न भरल्यास करसवलत रद्द होण्याचं घड्याळ तिथूनच चालू होऊ शकतं. आणि ईआयएन म्हणजे करसवलत नव्हे. तिचा १०२३ फॉर्मचा अर्ज वेगळा आणि त्याचं शुल्कही वेगळं. दोन्ही एकच आहेत असं भासवून विकणारे आहेत, म्हणून मंडळाच्या खजिनदारांनी हे नीट लक्षात घ्यावं.

भारतातून अर्ज करणाऱ्याची फसवणूक आणखी वाईट. ऑनलाइन अर्जाला सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन (तो नंबर न मिळणाऱ्यांसाठीचा वैयक्तिक कर क्रमांक) लागतो आणि तो आपल्याकडे नसतो. एजंट सांगतो, ‘दोन दिवसांत देतो’, आणि ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून स्वतःचं किंवा भलत्याच कोणाचं नाव टाकतो. आयआरएसच्या नियमात ही व्यक्ती म्हणजे कंपनीवर खरा ताबा असणारा माणूस. असा नावापुरता उभा केलेला चालत नाही. बँकेने कागद तपासले की खातं अडकतं, आणि आयआरएसची पत्रं एजंटच्या पत्त्यावर जातात. परदेशी माणसाच्या एकट्याच्या एलएलसीने मालकाशी व्यवहार केला, म्हणजे नुसतं भांडवल घातलं तरी, अशा व्यवहारांची माहिती देणारा ५४७२ फॉर्म भरावा लागतो, आणि तो न भरल्याचा दंड २५,००० डॉलर आहे. ईआयएन विकणाऱ्या पानावर याचा उल्लेख सहसा सापडत नाही.

सरळ रस्ता असा. पत्त्यात ‘आयआरएस डॉट गव्ह’ स्वतः टाइप करा. जाहिरातीवरून जाऊ नका. आधी राज्याकडून एलएलसी मंजूर झाल्याचा कागद हातात हवा आणि नाव त्यातल्यासारखंच अक्षर न् अक्षर लिहायचं. अर्जात विचारतात ते असं: संस्थेचा प्रकार, सदस्य किती, राज्य कोणतं, अर्जाचं कारण, जबाबदार व्यक्ती, पत्ता, काउंटी (म्हणजे जिल्हा), सुरुवातीची तारीख. मग ५५,००० पौंडांवरची वाहनं, जुगार, दारू-तंबाखू-शस्त्रं, कामगार यांविषयी हो-नाही. अर्ज अर्धवट ठेवता येत नाही, आणि १५ मिनिटं काही केलं नाही तर सगळं पुसलं जातं, म्हणून कागद जवळ घेऊनच बसा. एका जबाबदार व्यक्तीच्या नावावर दिवसाला एकच नंबर मिळतो. शेवटी पत्र ऑनलाइन घ्या आणि सीपी ५७५ नावाची ती पीडीएफ लगेच उतरवून ठेवा, पुन्हा तिथे जाता येत नाही.

सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर एसएस-४ भरून ७बी रकान्यात ‘फॉरेन’ लिहा. कंपनी परदेशातून चालत असेल तर २६७-९४१-१०९९ या आयआरएसच्या क्रमांकावर फोन करता येतो. हा टोल-फ्री नाही. सोमवार ते शुक्रवार, तिथली पूर्व किनाऱ्याची सकाळी ६ ते रात्री ११, म्हणजे अमेरिकेतल्या उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी साडेतीनपासून. बराच वेळ थांबवून ठेवतात, पण नंबर फोनवरच मिळतो. एसएस-४ समोर भरलेला ठेवा, ते ओळीनेच विचारतात. फॅक्स किंवा टपालाचा मार्ग आहेच, टपालाला काही आठवडे लागतात. खरोखर कोणाची मदत घ्यायची असेल तर फॉर्मवरच्या ‘थर्ड पार्टी डेझिग्नी’च्या, म्हणजे तुमच्या वतीने बोलणाऱ्याच्या, जागी त्याचं नाव घाला. जबाबदार व्यक्ती तुम्हीच राहता, आणि नंबर मिळाला की त्याचा अधिकार संपतो.

आधीच फसला असाल तर पहिल्यांदा त्या संकेतस्थळाकडून अर्ज पुढे गेला का ते लेखी विचारा. गेला नसेल तर रद्द करून पैसे मागा, नाहीतर कार्डाच्या बँकेत तक्रार टाका. कार्डावर दरवर्षीची ‘कम्प्लायन्स’ वर्गणी लागलेली नाही ना, तेही बघा. सोशल सिक्युरिटी नंबर दिला असेल तर इक्विफॅक्स, एक्स्पीरियन, ट्रान्सयुनियन या कर्ज-इतिहास ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीज करा, म्हणजे तुमच्या नावाने कोणी कर्ज काढू नये म्हणून तो इतिहास गोठवा, तो फुकट असतो, आणि आयआरएसकडून आयपी पिन हा गुप्त आकडा घ्या, म्हणजे तुमच्या नावाने दुसऱ्या कोणाला विवरणपत्र भरता येणार नाही. तक्रार ‘रिपोर्ट फ्रॉड डॉट एफटीसी डॉट गव्ह’वर.

एजंटने दिलेला नंबर खरा आहे का, हे आयआरएसला स्वतः फोन करून आणि १४७सी हे नंबराची खात्री देणारं पत्र मागवून कळतं. एजंटच्या पीडीएफवर विसंबू नका. जबाबदार व्यक्ती किंवा पत्ता चुकीचा असेल तर तो बदलण्याचा ८८२२-बी फॉर्म पाठवा. जबाबदार व्यक्ती बदलल्यावर तो ६० दिवसांत देणं बंधनकारकच आहे. मिळालेला ईआयएन रद्द होत नाही. त्या नंबराचं आयआरएसकडचं खातं बंद करायचं तर त्यांना पत्र लिहावं लागतं आणि त्याआधी राहिलेली विवरणपत्रं भरावी लागतात.