शिपाई की फौजदार? अंगावरची जोखीम आणि सहीवरची जोखीम

पोलिसात जायचं एकदा ठरलं की अभ्यासिकेत पुढचा वाद सुरू होतो. शिपाई भरती करायची की एमपीएससी देऊन थेट पीएसआय, म्हणजे फौजदार (पोलीस उपनिरीक्षक), व्हायचं? सल्ला देणारे एका वाक्यात निकाल लावून मोकळे होतात: "शिपाई होऊन सॅल्यूट मारत बसणार का?" माझे वडील असेच सॅल्यूट मारत हवालदार म्हणून निवृत्त झाले. मामा फौजदार. त्याची बदली आमच्या शहरात होती ती दोन वर्षं दोघांच्या वर्द्या आमच्याच दांडीवर वाळायच्या. त्यामुळे ही तुलना मी मार्गदर्शन केंद्राच्या फलकावरून करत नाही.

आधी दरवाजे. शिपायाला बारावी पास पुरते, पीएसआयला पदवी लागते. शिपाई भरतीत आधी मैदान 50 गुणांचं: मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. त्यातून पुढे गेलात की 100 गुणांची लेखी. पीएसआयला पूर्व, मुख्य, मग मैदान, मग मुलाखत, आणि प्रत्येक टप्प्याच्या मधे महिनोन् महिने वाट पाहणं. 2024 च्या भरतीत शिपाई आणि समकक्ष मिळून 17,471 जागा होत्या आणि अर्ज 17 लाखांच्या वर. म्हणजे 'शिपाई तर कधीही होता येईल' हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढा.

दुसरी गोष्ट वयाची, आणि इथे पुष्कळ जण फसतात. खुल्या प्रवर्गाला शिपायासाठी 28 वर्षांची मर्यादा, पीएसआयसाठी 31. मागास प्रवर्गाला अनुक्रमे 33 आणि 34. मोठं पद आधी आजमावू, नाही जमलं तर शिपाई आहेच, असं म्हणत पोरं पुण्यात खोली घेतात. पण लहान दरवाजाच आधी बंद होतो. अठ्ठाविसावं उलटल्यावर मैदानाकडे वळलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला परत यायला वाट नसते.

पगार: तोंडी हिशेब आणि खरा हिशेब

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे शिपायाचं मूळ वेतन 21,700 रुपयांपासून सुरू होतं आणि 69,100 पर्यंत जातं. पीएसआयचं 38,600 पासून 1,22,800 पर्यंत. महागाई भत्ता दोघांनाही त्याच टक्क्याने. घरभाडं मिळतं, पण सरकारी क्वार्टर घेतलं की ते बंद.

पहिल्या दिवशीचं अंतर 16,900 रुपयांचं. बघता क्षणी पारडं फौजदाराकडे झुकतं. आता जरा कागद घ्या. एक जण 21 व्या वर्षी शिपाई झाला, दुसरा 27 व्या वर्षी पीएसआय. दरवर्षी 3 टक्के वाढ धरली तर त्या सहा वर्षांत शिपायाने नुसत्या मूळ वेतनाचे पावणेसतरा लाखांच्या वर घेतलेले असतात. त्याचं बेसिक तोवर 26 हजारांच्या जवळ आलेलं असतं, म्हणजे दोघांतलं अंतर आता महिन्याला पावणेतेरा हजारांच्या आत. त्या हिशेबाने एकूण कमाईत बरोबरी व्हायला दहाएक वर्षं लागतात. फौजदार साधारण सदतिशीला शिपायाला गाठतो. सदाशिव पेठेतली खोली, मेस, लायब्ररी आणि क्लासचे पैसे यात धरलेले नाहीत.

सदतिशीनंतर मात्र तो पुढे निघून जातो, हेही खरं. एपीआय (सहायक निरीक्षक), पीआय (निरीक्षक), नशीब आणि रेकॉर्ड चांगलं असेल तर डीवायएसपी (उपअधीक्षक). शिपायाची चढण हळू. हवालदार, एएसआय (सहायक फौजदार), आणि अगदी शेवटी ग्रेड पीएसआय. पद मिळो न मिळो, 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देणारी आश्वासित प्रगती योजना आहे, तिचा आधार मोठा.

पेन्शनच्या बाबतीत वडिलांचं उदाहरण देऊ नका असं मी सगळ्यांना सांगते. ते जुन्या पेन्शनवाले. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांचं तसं नाही, त्यांच्या पगारातून दर महिन्याला एनपीएसची (राष्ट्रीय पेन्शन योजनेची) कपात होते. यात शिपाई आणि फौजदार एकाच नावेत.

आणि ती 'वरची' कमाई. लग्नाच्या बैठकीत ती विचारणारे असतात, म्हणून मीही लिहिते. जो या हिशेबाने खात्यात येतो त्याने 1064 हा नंबर पाठ करावा. लाचलुचपत विभागाचा आहे, आणि तो तक्रारदारालाही पाठ असतो.

जोखीम

धोका म्हटलं की आपल्याला 26/11 आठवतं, आणि ते योग्यच आहे. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती आणि समोर एके-47. ते एएसआय होते, म्हणजे शिपायाच्या वाटेने चढलेले. त्याच रात्री करकरे, कामटे आणि साळसकर हे अधिकारीही गेले. 1 मे 2019 ला गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे 15 जवान आणि गाडीचा चालक मारले गेले. गडचिरोलीत नेमणूक झाली तर दीडपट पगार मिळतो. तो कशाचा, हे तिथल्या पोलिसाच्या घरी कुणाला समजवावं लागत नाही.

पण रोजची जोखीम अशी बातमीत येणारी नसते. शिपायाची जोखीम शरीरावर असते. बंदोबस्त, नाकाबंदी, गार्ड, कैदी पार्टी (कैद्यांची ने-आण), समन्स-वॉरंट. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वडील दुपारी घरी यायचे ते उंबऱ्यावरच भिंतीला पाठ टेकून उभे राहायचे. खाली बसले तर उठता येणार नाही म्हणून. आई वाकून बुटाच्या नाड्या सोडायची. मोजे ओढताना घोट्याजवळची कातडी निघून यायची. ड्युटी आदल्या दिवशी सकाळची. गुडघे, कंबर, बीपी, शुगर हे चाळिशीनंतर बहुतेकांच्या सर्व्हिसचे सोबती. आठ तासांच्या ड्युटीचे प्रयोग झाले आहेत. मुंबईत देवनार ठाण्यात 2016 ला, महिला पोलिसांसाठी 2021 ला. पण मनुष्यबळ तेवढंच राहिलं की सणावारी ते कागदावरच उरतात. पोलीस कुटुंब आरोग्य योजनेत मोठ्या आजारांचा खर्च भागतो, एवढा दिलासा.

फौजदाराची जोखीम सहीवर असते. हे मला मामामुळे कळलं. एकदा तो कोर्टातून आला आणि जेवला नाही. त्याने केलेल्या पंचनाम्यावर वेळ होती 18.10. स्टेशन डायरीत ठाण्यातून निघाल्याची नोंद 18.25. बचावाच्या वकिलाने एवढंच विचारलं, "साहेब, निघण्याआधी पोहोचलात कसे?" आरोपी सुटला. डायरीची नोंद दुसऱ्याने केली होती, पण तपास अधिकारी हा. पुढे कसुरी रिपोर्ट (कामातल्या चुकीचा अहवाल), खुलासा, चौकशी. वेतनवाढ रोखली जाईल म्हणून तो दीड वर्ष धास्तावलेला होता.

1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि सहीवरचं ओझं वाढलं. झडती-जप्तीचं चित्रीकरण आलं, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाची भेट आली. गुन्ह्याप्रमाणे 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, आणि कारण तपास अधिकाऱ्याला विचारलं जातं. त्यात वरून साहेबांचा फोन, खालून नेत्याचा फोन. शिपायाला 'साहेबांना विचारा' म्हणता येतं. फौजदार स्वतःच तो साहेब असतो.

म्हणून कमी जोखमीचं पद कोणतं, हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. कोणती जोखीम तुम्हाला पेलते ते बघा. ज्याला ऊन, गर्दी, जागरण सोसतं पण चौकशीच्या नुसत्या कागदाने झोप उडते, त्याने फौजदारकीचा हट्ट का धरावा?

घर कुठे असेल?

पगारापेक्षा या मुद्द्यावर जास्त संसार विस्कटतात. शिपाई जिल्ह्याचा किंवा आयुक्तालयाचा. भरती जिथे, नोकरी बहुतेक तिथेच, आणि एका नेमणुकीचा सर्वसाधारण काळ पाच वर्षं. पीएसआयचा एका ठाण्यात दोन वर्षं, एका जिल्ह्यात चार, एका परिक्षेत्रात (काही जिल्ह्यांच्या गटात) आठ, असं महाराष्ट्र पोलीस अधिनियमच सांगतो. मुलांच्या शाळा मोजा. म्हातारे आईवडील, थोडी शेती, जोडीदाराची नोकरी असेल तर शिपाईपद हे कमीपणाचं नसून सोयीचं आहे. फक्त एसआरपीएफचा (राज्य राखीव पोलीस दलाचा) अर्ज भरताना समजून भरा. तिथे बॅग कायम भरलेली असते.

राहिला मान. वर्दीची ओढ दोघांनाही सारखीच. पण निर्णय घ्यायची, तपास उलगडायची भूक असेल तर शिपाईपदात घुसमट होते. वडिलांची झाली होती. त्यांनी हेरलेल्या दुव्यावर चोरी उघड व्हायची आणि फोटोत दुसरेच असायचे. हे ज्याला सहन होणार नाही त्याने अभ्यासाची दोन-तीन वर्षं घालवावीत, ती वाया नाहीत. नुसता सॅल्यूट घ्यायचा म्हणून फौजदार व्हायचं असेल तर सांगते, फौजदारालाही दिवसभर सॅल्यूट मारावेच लागतात.

मला विचाराल तर घरात एकाचीही पक्की नोकरी नाही, वय बावीस-तेवीस, मैदान तयार आहे, अशांनी आधी शिपाई भरती द्यावी आणि नोकरीतून एमपीएससीचे प्रयत्न करावेत. हे बोलायला सोपं आहे. बंदोबस्तातून आल्यावर पुस्तक उघडलं जात नाही. खात्यांतर्गत परीक्षेच्या आशेवर राहू नका, तिचे नियम बदलत आले आहेत. ज्यांना जमलं त्यांतले मी पाहिलेले बहुतेक कोर्ट ड्युटीला किंवा वायरलेसला होते, जिथे दोन कॉलच्या मधे दहा पानं होतात. नवीन नेमणुकीला गेलात की तिथल्या जुन्या हवालदाराशी ओळख करून घ्या. अशा ड्युट्या कुणाला कशा मिळतात हे त्यालाच ठाऊक असतं.