क्रूझरला फूटबोर्ड : तयार किट की फॅब्रिकेशन?

बजाज अ‍ॅव्हेंजरसारख्या क्रूझर बाइकला फूटबोर्ड (फूटपेग म्हणजे पाय टेकवायच्या छोट्या दांड्यांऐवजी सपाट पाट्या) बसवायचे तर पुण्यात दोन वाटा: नाना पेठेतून तयार किट आणा, नाहीतर भोसरीत ब्रॅकेट बनवून घ्या.

किट तुमच्याच मॉडेलचं असेल तर डोळे झाकून तेच घ्या. फूटपेगचे मूळ बोल्ट काढून त्याच जागी ब्रॅकेट बसतं, फ्रेमला हात लागत नाही. 'युनिव्हर्सल' किट मात्र टाळाच. भोकं जुळत नाहीत, मग वॉशरची चळत लावावी लागते आणि बोल्टवर वाकवणारा ताण येतो.

फॅब्रिकेशनमध्ये माप तुमच्या पायाचं, ही खरी जमेची बाजू. ब्रॅकेटला ६ मिमी एमएस (माइल्ड स्टील) पट्टी आणि ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट सांगा. फ्रेमवर वेल्डिंग अजिबात नको. उष्णतेने जोडाशेजारची नळी कमकुवत होते आणि तडा तिथेच जातो. बोर्ड वर दुमडणारा हवा. कात्रज घाटाच्या वळणावर न दुमडणारा बोर्ड रस्त्याला टेकला तर मागचं चाक उचललं जाऊ शकतं.

खरं काम पुढेच आहे. बोर्डवर बूट ठेवला की पंजा गिअर लिव्हरखाली शिरत नाही, म्हणून टाच-पंजा दोन्हीचा लिव्हर लागतो. ब्रेक पेडलची उंची बदलली की ब्रेक लाइटचा स्विचही जुळवा, नाहीतर दिवा कायम पेटलेला राहतो किंवा उशिरा लागतो. बोल्टला निळं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लावा. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा पाना फिरवून बघा. सिंगल सिलिंडरच्या थरथरीने ते सैल होतात.