पोर्ट लुईच्या बाजारातली दालपुरी आणि गल्ल्यावरच्या भाषा

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई येथील मध्यवर्ती बाजारात दालपुरीची अनेक लहान दुकाने आहेत. त्यांपैकी एका बिनपाटीच्या दुकानाचा हा अभिप्राय. दालपुरी येथे जोडीनेच मिळते. पुरणपोळीसारख्या मऊ पोळीत गोड पुरणाऐवजी हळद-जिरे घातलेली, शिजवून कोरडी वाटलेली पिवळी डाळ असते, आणि वर मोठ्या वालांची रस्साभाजी, टोमॅटोचा रुगाय (मसालेदार दाट रस्सा) व हिरव्या मिरचीची चटणी घालून ती कागदात गुंडाळून देतात. पोळी उत्तम होती, वालही मुरलेले होते. रुगाय मात्र आंबटाकडे झुकलेला वाटला.

गल्ल्यावरच्या बाई रांगेतल्या गिऱ्हाइकांशी क्रिओल, म्हणजे फ्रेंचपासून घडलेली इथली बोली, बोलत होत्या, पोळ्या भाजणाऱ्या आजींना भोजपुरीत सूचना देत होत्या आणि पर्यटकांना फ्रेंचमध्ये उत्तरे देत होत्या. माझी हिंदी त्यांना नीट समजली, पण उत्तर क्रिओलमध्येच आले. 2022 च्या जनगणनेनुसार सुमारे 90 टक्के लोक घरी क्रिओल बोलतात, तर भोजपुरी बोलणारे जेमतेम 5 टक्के उरले आहेत, हे पाहता त्यात नवल नाही. कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचेही तेच झाले आहे: मराठी शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, पण घरातले बोलणे बहुतांशी क्रिओलमध्ये चालते.

पैसे देताना नोट जरूर निरखावी. तिच्यावर इंग्रजी, तमिळ आणि देवनागरी मजकूर याच क्रमाने असतो. 1998 मध्ये आलेल्या नव्या नोटांवर देवनागरी मजकूर तमिळच्या आधी छापला गेला, तेव्हा तमिळ समाजाने इतका तीव्र आक्षेप घेतला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. ज्या क्रिओलमध्ये हा सगळा व्यवहार होतो, ती मात्र नोटेवर कुठेच नाही. संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी आहे, आणि प्राथमिक शाळेत क्रिओल ऐच्छिक विषय म्हणून आली तीही 2012 मध्ये. माझ्या मते हा उशीर अक्षम्य आहे.

बसायला जागा नाही आणि माल संपला की दुकान बंद होते, म्हणून दुपारच्या जेवणाआधीच जावे. तिखट सोसत नसेल, तर चटणीचा चमचा उचलला जाण्यापूर्वीच ‘सां पिमां’, म्हणजे मिरची नको, असे स्पष्ट सांगावे. नंतर सांगून उपयोग होत नाही.